सोसायटीचे कारभारी बदलायचे तर…

मुलुंडच्या एका वाचक भगिनीने चार पानी पत्र पाठवले आहे. नाव छापू नका, असे त्यात तीनदा लिहिले आहे, आणि ते का, हे पत्र वाचल्यावर कळते. चाळीस बिऱ्हाडांची सोसायटी, इमारत पस्तिशीची. सचिव चौदा वर्षे तेच. गच्ची गळते म्हणून गेले तीन पावसाळे ह्या बाई झोपायच्या खोलीत बादल्या मांडताहेत. तक्रार केली की उत्तर ठरलेले, "बघतो, बोललोय कंत्राटदाराशी." वार्षिक सभा होते म्हणे, पण तिची सूचना कुणाच्या हाती पडत नाही. पाण्याची टाकी कधी धुतली ते फळ्यावर लिहायचा रिवाज होता, तो फळाही आता जिन्याखाली उलटा टेकवून ठेवला आहे. शेवटी बाई लिहितात, "आमचे हे म्हणतात, आपल्याला इथंच राहायचंय, कुणाशी वाकडं घेऊ नकोस. पण ताई, इथंच राहायचंय म्हणूनच तर विचारते."

मला हे शेवटचे वाक्य फार आवडले. अशी पत्रे अंधेरी, बोरिवली, घाटकोपरहूनही येतात. कुणाची लिफ्ट बंद, कुणाकडे टँकरचे पैसे दरमहा वाढताहेत आणि पावती दिसत नाही. तेव्हा आज भाजी-आमटी बाजूला ठेवून सोसायटीचेच बोलू.

आधी एक गोष्ट. आपले सचिव कुचकामी आहेत की लबाड आहेत, हे मनाशी नीट ठरवा. दोन्ही रोग वेगळे आणि औषधेही वेगळी. आपल्याकडे पुष्कळ सचिव हे नोकरीतून निवृत्त झालेले, कुणी पुढे येईना म्हणून गळ्यात पडलेले काम विनावेतन रेटणारे गृहस्थ असतात. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी बोअरवेल खणून घेतली असेल, महापालिकेच्या खेपा घातल्या असतील. आता गुडघे दुखतात, फायली सापडत नाहीत आणि "तुम्हीच करा ना मग!" हे एक वाक्य तेवढे शिल्लक उरते. अशा माणसाला चोर म्हणून तुम्ही सुरुवात केलीत, तर निम्मी इमारत त्यांच्या बाजूने उभी राहील, आणि ते योग्यच होईल. नारळ द्यायचा तर शालीसकट द्यावा.

पण सचिव भले असले तरी गळती थांबत नाही, हेही तितकेच खरे. घाटकोपरच्या दामोदर पार्क भागातली चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी सकाळी कोसळली, १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या तोडफोडीकडे तेव्हा बोट दाखवले गेले. तिथल्या समितीबद्दल मला काहीच म्हणायचे नाही. पण खालच्या जागेत कोण कोणती भिंत पाडतो आहे हे विचारण्याचा हक्क सोसायटीला असतो, आणि तो बजावणारे कुणीतरी लागते. तीस वर्षांवरच्या इमारतींची बांधकाम-तपासणी करून घेणे मुंबईत महापालिकेच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. मुलुंडच्या भगिनी, तुमची इमारत पस्तिशीची. तपासणीचा अहवाल आहे का, एवढे एकच आधी विचारा. उत्तरावरून तुमचे सचिव कोणत्या जातकुळीचे आहेत ते कळेल.

आता हिशेब. आपण बायका वाण्याच्या वहीतली पाच रुपयांची चूक पकडतो आणि सोसायटीच्या ताळेबंदापुढे मात्र हात जोडतो. कारण नाही. उपविधी, शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफातोटा पत्रक, समितीची यादी, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभांची आणि समितीच्या सभांची इतिवृत्ते, एवढे कागद पाहण्याचा सभासदाला कायद्याने हक्क आहे. लेखी अर्ज करायचा आणि वेळ मागून घ्यायची.

कागद हाती आले की तीन ठिकाणी बोट ठेवा. पहिले, थकबाकीची यादी. समितीतल्याच कुणाची थकबाकी तिच्यात असते, असा अनुभव विरळा नाही. दुसरे, पाणी, वीज आणि दुरुस्ती ह्यांचे गेल्या तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडा. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, सिंकिंग फंड. आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी ह्या निधीत जायला हवी. समजा, एका घराचा बांधकाम खर्च ४ लाख धरला आहे. पाव टक्क्याने वर्षाला १००० रुपये. चाळीस घरांचे ४० हजार. दहा वर्षांत व्याज सोडून ४ लाख. हे पैसे बँकेत मुदत ठेवीत दिसले पाहिजेत, आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीवाचून त्यांना हात लावता येत नाही. ठेवीच्या पावत्या दाखवा म्हटल्यावर कुणी रागावले, तर रागाचे कारण शोधा.

आता जरा टोचणारा प्रश्न विचारते. भाग प्रमाणपत्रावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, पहिले नाव कुणाचे आहे?

बहुतेक घरी ते यजमानांचे असते. तुमचे दुसरे असेल, नाहीतर नसेलच. मग हळदीकुंकवाला जमलेल्या दहाजणींनी अर्जावर झोकात सह्या केल्या, तरी त्या अर्जाची किंमत शून्य होऊ शकते, कारण सही सभासदाची लागते. ह्यात हिरमुसून जाऊ नका, वाट आहे. सहकार कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले. भाग प्रमाणपत्रावर ज्यांचे नाव आहे पण पहिले नाही, ते संयुक्त सभासद. आणि ज्यांचे नाव प्रमाणपत्रावर मुळीच नाही, पण सभासदाच्या पूर्व लेखी संमतीने त्याचे हक्क बजावतात असे जवळचे नातलग, ते सहयोगी सभासद. ह्या नातलगांत पत्नी आहे, मुलगी आहे, आणि सूनही आहे! तेव्हा यजमानांना सभेला जायचा कंटाळा असेल, "नस्ती कटकट" वाटत असेल, तर उत्तम. एका कागदावर संमती लिहून घ्या, रीतसर अर्ज करून तुमचे नाव संस्थेच्या दप्तरी लावून घ्या. समितीच्या निवडणुकीलाही त्या संमतीने उभे राहता येते. फक्त घरामागे मत एकच, हे लक्षात असू द्या. ह्यांचेही मत आणि माझेही, असे चालत नाही.

समितीत दोन जागा स्त्रियांसाठी राखीव असतात हेही पुष्कळजणींना ठाऊक नसते. शंभरापर्यंत सभासद असलेल्या संस्थेची समिती आदर्श उपविधींप्रमाणे ११ जणांची, त्यात ह्या दोन. बऱ्याच ठिकाणी जागेवर नाव बायकोचे आणि सभेत खुर्चीवर नवरा, असा प्रकार चालतो. तो बेकायदा तर आहेच, शिवाय मला तो अपमानाचाही वाटतो. तुमच्या इमारतीत त्या दोन जागांवर कोण आहेत ते पाहा. त्या दोघींना समितीची शेवटची सभा कधी झाली ते विचारा. महिन्यातून निदान एकदा ती व्हायला हवी.

आता मुख्य गोष्ट, कारभारी बदलायचे कसे.

सर्वसाधारण सभेत हात वर करून समितीला घरी पाठवता येते, असा सार्वत्रिक समज आहे. कायद्यात तशी सोपी वाट नाही. अविश्वासाचा ठराव आहे, पण तो अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशा पदाधिकाऱ्यांविरुद्ध, आणि त्यावर मते समितीच्या सदस्यांची. समितीतल्या निदान एक तृतीयांश सदस्यांनी उपनिबंधकांकडे लेखी मागणी करायची, त्यांनी समितीची खास सभा बोलवायची, आणि तिथे एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव झाला तर तो माणूस पदावरून जातो. पदावरूनच हं, समितीतून नव्हे. म्हणजे दुसऱ्या दिवशी तो समोरच्याच खुर्चीवर असणार. तेव्हा समितीत आपल्या मताची माणसे पुरेशी असतील तरच ह्या वाटेने जावे. अकरा जणांत आठ मते लागतील. सात असली तर घरीच बसा.

समितीत तुमचे कुणीच नसेल तर सुरुवात सर्वसाधारण सभेपासून करायची. ३१ मार्चला वर्ष संपले की सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावीच लागते. आदर्श उपविधींप्रमाणे तिची सूचना १४ पूर्ण दिवस आधी मिळाली पाहिजे. सबळ कारणावाचून ती टाळली, तर जबाबदार मंडळींना निबंधक पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतात. नुसते हे वाक्य लेखी अर्जात सौम्यपणे घातले, की कित्येक ठिकाणी सभेची तारीख आपोआप लागते.

आणि तोवर थांबायचे नसेल, तर विशेष सर्वसाधारण सभा मागा. एकूण सभासदांच्या एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर एक महिन्याच्या आत ती बोलवणे भाग आहे. उपविधींत ह्याहून कमी संख्या दिली असेल तर तेवढ्याच सह्या पुरतात. चाळीस घरांत आठ सह्या! मसुदा साधा असावा. "मा. सचिव यांस. आम्ही खाली सही करणारे सभासद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७६ प्रमाणे विनंती करतो की, गच्चीची गळती व दुरुस्ती, इमारतीची बांधकाम-तपासणी, गेल्या तीन वर्षांचे हिशेब आणि समितीच्या निवडणुकीची तारीख ह्या विषयांसाठी एक महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी." खाली नाव, सदनिका क्रमांक, सही. संपले. त्यात "मनमानी", "अंदाधुंदी", "गलथानपणा" हे शब्द नकोत. ते वाचायला गोड लागतात, पण त्या गोडीपायी दोन सह्या कमी होतात.

अर्ज दोन प्रतींत. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. सचिव पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती डाळीच्या डब्यात टाकू नका, फायलीत लावा. एक प्रत उपनिबंधकांच्या कार्यालयात द्यावी. मुंबईत ही कार्यालये महापालिकेच्या प्रभागांप्रमाणे आहेत. मुलुंड टी प्रभागात, घाटकोपर एन मध्ये, अंधेरी पश्चिम के-पश्चिममध्ये, बोरिवली आर-मध्यमध्ये. महिना उलटूनही सभा बोलावली नाही तर निबंधक स्वतः ती बोलवू शकतात, आणि तिचा खर्च टाळाटाळ करणाऱ्यांवर टाकू शकतात.

सभेच्या दिवसाबद्दल एक सांगून ठेवते, कारण इथेच चांगली चांगली मोहीम फसते. सभेला गणपूर्ती दोन तृतीयांश सभासदांची किंवा वीस जणांची, जी संख्या कमी असेल ती. नेहमीची सभा अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर तहकूब होते आणि मग जमतील तेवढ्यांत चालते. पण सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली सभा गणपूर्तीअभावी तहकूब होत नाही, रद्द होते. पुन्हा पहिल्यापासून सह्या! तेव्हा "येतोच, कुकर उतरवून" म्हणणारी मंडळी त्या दिवशी उपयोगाची नाहीत. वीस माणसे घड्याळाच्या ठोक्याला खुर्चीत हवीत. रविवारी सकाळी अकराची वेळ मिळाली तर फार बरे. पुरुष घरी असतात आणि दुपारच्या झोपेची वेळ व्हायची असते.

सभेत बोलायचे ते ठरावाच्या भाषेत. "गळती थांबवावी" असा ठराव कामाचा नाही. "अमुक तारखेपर्यंत तीन कंत्राटदारांकडून दर मागवावेत, अमुक तारखेला ते फळ्यावर लावावेत" असा हवा. सोसायटीची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेचीच असते, समिती तिच्या मर्यादेत काम करते. तारखेचा ठराव मोडला, की तुमच्या हाती पुढच्या पायरीचा लेखी पुरावा आला.

ती पुढची पायरी म्हणजे उपनिबंधक. एक पंचमांश सभासदांच्या अर्जावरून संस्थेच्या कारभाराची चौकशी होऊ शकते. वारंवार कसूर करणारी किंवा हयगय करणारी समिती, नोटीस देऊन आणि म्हणणे ऐकून घेऊन, दूर करता येते. समितीची मुदतच संपली असेल, तर संस्थेवर प्राधिकृत अधिकारीही नेमला जाऊ शकतो. ही मुदत पाच वर्षांची असते. तुमचे सचिव चौदा वर्षे आहेत ना? मग मधल्या निवडणुका कधी झाल्या, त्यांची कागदपत्रे कुठे आहेत, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारला असता. अनेक उपनगरी सोसायट्यांत समितीची मुदत केव्हाच संपलेली असते आणि "तुम्हीच राहा हो" ह्या प्रेमळ आग्रहावर गाडी चाललेली असते.

तरीही बाहेरचा अधिकारी आणणे हा मला शेवटचा उपाय वाटतो. त्याचे मानधन आपल्याच पैशांतून जाते, आणि घरातले भांडण शेजाऱ्याने मिटवावे तसे त्याचे होते. निवडणूकच घ्यावी. २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांना २०१९ च्या दुरुस्तीने आपली निवडणूक आपणच घ्यायची मुभा दिली आहे, म्हणजे चाळीस घरांना काहीच अडचण नाही. निवडणूक अधिकारी नेमावा लागतो, आणि स्वतः उभा राहणारा माणूस तो होऊ शकत नाही. नेमणुकीची आणि मतदानाची ताजी रीत काय, ते उपनिबंधक कार्यालयातून लेखी घ्या. ऐकीव माहितीवर निवडणूक घेऊन ती मोडीत निघाल्याने आयुष्यभराची वैरे झाली आहेत.

पण ह्या सगळ्याच्या आधी एक यादी करा. सचिवांच्या जागी कोण? खजिनदार कोण होणार? तुमच्या बाजूने ओरडणारे पंधरा जण असतील, आणि "उभे राहता का?" म्हटल्यावर त्यांतले तेरा दार लावून घेतील. निदान सहा-सात नावे पक्की होईपर्यंत कुणालाही हटवायच्या गोष्टी करू नयेत. उमेदवारांची देणी भागलेली आहेत ना तेही पाहा. तीन महिन्यांवर थकबाकी असलेला माणूस समितीत बसू शकत नाही. हिशेब लिहू शकेल अशी एखादी बँकेतून निवृत्त झालेली बाई, महापालिकेच्या पायऱ्या झिजवायला न कंटाळणारा एखादा तरुण, आणि भांडणाऱ्या दोघांनाही चहाला बोलवू शकेल असे एक वडीलधारे माणूस, एवढी तीन माणसे मिळाली तरी समिती चालते. बाकीचे हळूहळू शिकतात. मोबाईलच्या ग्रुपवर मात्र ही जुळवाजुळव करू नका. रात्री अकराला लिहिलेले एक वाक्य सहा महिन्यांची मेहनत बुडवते. संध्याकाळी दार वाजवून घरात जाऊन बसा.

"पण आपल्याला कसं जमणार?" असे लिहिणाऱ्या भगिनींना थोडा इतिहास सांगते. देशातल्या अगदी सुरुवातीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक ह्याच मुंबईत, गावदेवीला, १९१५ साली नोंदली गेली. सारस्वत मंडळींची. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तळमकी हे तिच्यामागचे गृहस्थ. भाडेकऱ्यांनी एकत्र येऊन, आपल्यातल्याच माणसांनी कारभार पाहायचा, ही कल्पना तेव्हापासूनची. आणि उपनगरातल्या बायका कारभाऱ्यांना प्रश्न विचारत नाहीत, हे तर मुळीच खरे नाही. गोरेगावच्या पाण्यासाठी झगडणाऱ्या मृणाल गोरे 'पाणीवाल्या बाई' झाल्या, आणि १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात हातात लाटणी घेऊन रस्त्यावर आलेल्या आमच्यासारख्याच गृहिणी होत्या. इथे तर लाटणेही नको. आठ सह्या हव्यात.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. पस्तिशीच्या इमारतीकडे आज ना उद्या बिल्डर येणार. पुनर्विकासाची बोलणी, कन्व्हेयन्सचे कागद, घरे रिकामी करायची मुदत, भाडे, हे सारे हाताळायचे ते ह्याच समितीने. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने त्यासाठी दोन तृतीयांश गणपूर्तीची, चित्रीकरणासह सभा सांगितली आहे. पण सभेपुढे काय ठेवायचे ते समितीच ठरवते. गच्चीवर डांबर टाकायला तीन वर्षे लावणाऱ्या माणसांच्या हाती तुम्ही तुमचे छप्परच देणार का, हे एकदा रात्री जेवणे झाल्यावर यजमानांना शांतपणे विचारा. "वाकडं घेऊ नकोस" हे वाक्य तेव्हा बहुधा पुन्हा येणार नाही.

निवडून आल्यावर पहिल्या आठवड्यात हारतुरे आटोपून दप्तर ताब्यात घ्या. ते नव्या मंडळींच्या हवाली करणे जुन्यांवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि नाही दिले तर उपनिबंधकांकडे दाद मागता येते. ताब्यात घेताना यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. सभासदांची आय नमुन्यातली नोंदवही, इतिवृत्ताची पुस्तके, भाग प्रमाणपत्रांची नोंद, पासबुके आणि चेकबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, लिफ्टचे कागद, विम्याची पॉलिसी. बँकेतल्या सह्या बदलण्याचा ठराव समितीच्या पहिल्याच सभेत करून टाका, नाहीतर रखवालदाराचा पगार अडतो. जुन्या सचिवांना त्या सभेला मुद्दाम बोलवा. कोणता नळ कुठून वळवला आहे आणि भूमिगत टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे कागदावर नसते, त्यांच्याच डोक्यात असते. आणि उठताना गच्चीची किल्ली मागून घ्यायला विसरू नका.